बांबूच्या बेटाचा हिशेब

सूप, रोवळी, दुरडी, टोपली, परडी, करंडा, कणगी, हारा, तट्ट्या, शिडी. वर्गात मुलांना विचारले, तर ही यादी पाहता पाहता फळा भरून टाकेल. यातल्या कित्येक वस्तूंची जागा आता प्लॅस्टिकने घेतली आहे. तरी लग्नातले रुखवत, पूजेची परडी, पाखडायचे सूप आणि कोंबड्या झाकायचे डालगे अजून बुरुडाकडूनच येते. शिवाय गेल्या तीस-चाळीस वर्षांत बांबूच्या खुर्च्या, दिवे, खेळणी आणि शोभेच्या वस्तू करणारी नवी केंद्रेही निघाली. मेळघाटातल्या लवादा गावी सुनील व निरुपमा देशपांडे यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेले संपूर्ण बांबू केंद्र त्यांपैकी एक. सिंधुदुर्गात शेताच्या बांधावर वाढणाऱ्या माणग्यावर काम करणारे कारागीर आहेतच.

जंगलाच्या कडेला किंवा बांधावरच्या बेटांच्या सोबतीने असा एखादा कारखाना चालवायचा, तर पहिला प्रश्न पैशाचा किंवा यंत्राचा येत नाही. पहिला प्रश्न साधा आहे : यंदा किती बांबू तोडायचे?

“जितके तोडू तितके लावू” हे उत्तर चटकन सुचते. सागाला, बाभळीला ते काही प्रमाणात लागू पडते. बांबूला मात्र ते नीट लागू पडत नाही, कारण बांबू मुळात झाडासारखा वाढतच नाही. तो कसा वाढतो ते आधी पाहू.

उंच वाढलेले गवत

बांबू हे गवत आहे, ऊस-ज्वारीच्या कुळातले. एका जागी उभे असलेले पन्नास बांबू म्हणजे पन्नास झाडे नव्हेत. जमिनीखाली एकमेकांना जोडलेली आडवी खोडे असतात आणि त्यांच्या डोळ्यांतून वर आलेले हे फुटवे असतात. या सगळ्या कुटुंबाला आपण बेट म्हणतो. आपल्याकडची मानवेल, कटांग, माणगा या सर्व जाती अशी बेटे करून वाढतात.

पावसाळा लागला की बेटाच्या कडेने जाडजूड कोंब वर येतात. विदर्भात त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी करतात. या कोंबाची गंमत अशी, की त्याचा घेर जमिनीतून बाहेर येतानाच ठरलेला असतो. झाडाच्या खोडात साल आणि लाकूड यांच्यामध्ये नव्या पेशी तयार करणारा एक थर असतो, म्हणून झाड दरवर्षी जाड होते. बांबूत असा थर नसतो. कोंबात सगळी पेरे आधीच एकावर एक दाबून बसवलेली असतात. दुर्बिणीची नळी ओढून लांब करावी, तशी ती एकामागून एक लांबत जातात. दोन ते चार महिन्यांत बांबू आपली पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो ना उंच होतो, ना जाड.

मग पुढची दोन-तीन वर्षे तो काय करतो? तो पक्का होतो. त्याच्या तंतूंच्या भिंती जाड होत जातात, पाण्याचे प्रमाण कमी होते, लाकूडपणा येतो. हिरवा, गुळगुळीत, अंगावर पांढरी भुकटी असलेला पहिल्या वर्षाचा बांबू आणि तीन वर्षांचा, डाग पडलेला, टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारा बांबू, यांच्या लांबी-रुंदीत फरक नसतो. फरक आत असतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. कोंब फुटतो तेव्हा त्याला पाने नसतात. म्हणजे स्वतःचे अन्न तो तयार करू शकत नाही. मग दोन-चार महिन्यांत पाच-दहा मीटर उंच व्हायला लागणारे अन्न येते कुठून? ते येते बेटातल्या आधीच्या बांबूंकडून. त्यांच्या पानांनी वर्षभर तयार केलेले आणि खोडांत, जमिनीखाली साठवलेले स्टार्च कोंबाकडे जाते. थोडक्यात, पुढच्या पावसाळ्यात किती कोंब येणार आणि ते किती जाड असणार, हे बऱ्याच अंशी आज बेटात किती बांबू उभे आहेत त्यावर ठरते.

म्हणून बांबू तोडताना आपण केवळ एक काठी नेत नाही. येणाऱ्या कोंबांच्या शिदोरीतला एक वाटाही नेतो.

चिंचोक्यांचे बेट

हे नुसते सांगून मुलांना पटणार नाही. त्यासाठी एक खेळ करता येतो. त्याला मूठभर चिंचोके आणि खडू पुरतात.

जमिनीवर खडूने चार घरे आखा. पहिले घर यंदाच्या बांबूंचे, दुसरे मागच्या वर्षीच्या, तिसरे त्याच्या आधीच्या आणि चौथे तीन वर्षे पूर्ण झालेल्या पक्क्या बांबूंचे. प्रत्येक घरात सहा चिंचोके ठेवा. एकूण २४ बांबूंचे आपले बेट तयार झाले.

नियम तीन आहेत. हिवाळ्यात तोड करायची. मग उरलेले चिंचोके मोजून त्यांना तीनने भागायचे, येईल तितके नवे कोंब पावसाळ्यात येतात असे धरायचे (अपूर्णांक सोडून द्यायचा). शेवटी सगळे चिंचोके एकेक घर पुढे सरकवून नवे कोंब पहिल्या घरात ठेवायचे. खऱ्या बेटात आकडे असे नेमके नसतात. जात, जमीन आणि पाऊस यांप्रमाणे ते बदलतात. पण चाल हीच असते.

पहिला गट दरवर्षी सहा बांबू तोडतो, फक्त चौथ्या घरातले. उरतात १८, नवे येतात सहा. पुन्हा २४. दहा वर्षे खेळा, बेट होते तसेच राहते.

दुसऱ्या गटाला मोठी मागणी आली आहे. त्यांना दरवर्षी नऊ हवे आहेत. पहिल्या वर्षी ते चौथ्या घरातले सहा घेतात आणि तीन कमी पडतात ते तिसऱ्या घरातून उचलतात. उरले १५, नवे आले पाच. बेटात आता २० बांबू आहेत. फारसे बिघडलेले दिसत नाही. दुसऱ्या वर्षी चौथ्या घरात तीनच सापडतात, म्हणून तिसऱ्या घरातले सहाही जातात. उरले ११, नवे आले तीन. बेटात १४. तिसऱ्या वर्षी चौथे घर रिकामे असते. तिसऱ्यातले सहा आणि दुसऱ्यातले तीन घ्यावे लागतात. उरले पाच, नवा आला एकच. बेटात सहा. चौथ्या वर्षी नऊ बांबू हवे आहेत, पण सगळे बेट साफ केले तरी सहाच हाती येतात आणि त्यांत पक्का एकही नाही.

आता दोन्ही गटांची बेरीज करू. दुसऱ्या गटाने बेट संपवून चार वर्षांत ३३ बांबू मिळवले. पहिल्या गटाने तेवढ्या काळात २४. दुसरा गट पुढे दिसतो खरा. पण सहाव्या वर्षाअखेर पहिल्या गटाचे ३६ होतात, आणि त्यांचे २४ बांबूंचे बेट जागेवरच असते.

मुद्दल आणि व्याजाचे गणित सातवीच्या मुलांना ठाऊक असते. हे तेच गणित आहे. उभे बेट हे मुद्दल, दरवर्षी पक्के होणारे सहा बांबू हे व्याज. फरक एवढाच, की बँकेच्या पासबुकात मुद्दल घटलेले लगेच दिसते. बेटात ते लगेच दिसत नाही.

सुरीला आधी कळते

दुसऱ्या गटाचा खेळ पुन्हा एकदा बारकाईने पाहा. पहिल्या वर्षी त्यांच्या नऊ बांबूंपैकी सहा पक्के होते. दुसऱ्या वर्षी तीन. तिसऱ्या वर्षी शून्य. पण तिन्ही वर्षी बांबू नऊच मिळाले! गोदामातल्या वहीत या तिन्ही वर्षांची नोंद सारखीच होईल. म्हणजे संख्या ढासळण्याच्या आधी दर्जा ढासळतो.

हा दर्जा मोजणारे उपकरण कारागिराकडे असते. ते म्हणजे त्याचा हात. कोवळा बांबू सुरीखाली मऊ लागतो, वाळताना आकसतो, सुरकुततो. त्याची शिडी लचकते, स्टुलाचे सांधे काही महिन्यांत ढिले पडतात. त्याला कीडही लवकर लागते. जो कारागीर स्वतः बेटात जाऊन बांबू निवडतो, तोच फोडतो आणि तोच विणतो, त्याला बेटाची तब्येत पहिल्या-दुसऱ्या वर्षातच समजते. ज्या कारखान्यात बांबू दूरवरून ट्रकने येतो, तिथे हीच खूण “यंदा माल वाईट आला” एवढ्यावर संपते. मग व्यापारी बदलला जातो आणि नवा व्यापारी दुसऱ्या जंगलातून तसाच माल आणतो.

निसर्गाजवळ राहून काम करण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. हिरवाई, शांतता हे सगळे आहेच. पण बेट आणि हात यांत अंतर कमी असले, की चुकीची बातमी वेळेवर पोहोचते आणि ती दुरुस्त करायला सवड मिळते.

इथे एक खुलासा हवा. बारीक विणकामाला फार पक्का बांबू चालत नाही, तो मोडतो. त्यासाठी थोडा लवचीक, साधारण दोन वर्षांचा बांबू बुरूड पसंत करतात. ते योग्यच आहे. मात्र असा बांबू लवकर नेला, तर त्याने पुढे बेटाला दिली असती ती अन्नाची भरही आपण नेतो. त्यामुळे विणकामाचा वाटा आधीच ठरवून एकूण तोड तेवढी कमी ठेवावी लागते. पहिल्या वर्षाच्या बांबूला मात्र कोणत्याच कामासाठी हात लावू नये.

केव्हा आणि कसा

तोड पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात करावी, असे जुने लोक सांगतात. त्याचे कारण आता आपल्या लक्षात येईल. पावसाळ्याआधी बेटाने कोंबांसाठी स्टार्च साठवून ठेवलेले असते. कोंब वाढले की हा साठा खर्च होतो. बांबूत भोके पाडून पिवळसर पीठ पाडणारे बारीक भुंगेरे याच स्टार्चवर जगतात. म्हणून उन्हाळ्यात तोडलेल्या बांबूला कीड जास्त लागते. शिवाय पावसाळ्यात तोडायला गेलो, तर पायाखाली कोवळे कोंब मोडतात.

याची परीक्षा शाळेत करता येते. औषधाच्या दुकानातले टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून बांबूच्या ताज्या कापावर दोन थेंब टाका. स्टार्च असेल तिथे निळा-काळा रंग येतो. एप्रिल आणि डिसेंबर अशा दोन महिन्यांत, शक्यतो एकाच बेटातल्या सारख्याच वयाच्या बांबूंचे तुकडे तपासून रंगाची तुलना करावी. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला बांबू किडत नाही, अशीही समजूत सर्वत्र आहे. ऋतूच्या परिणामामागचे कारण स्पष्ट आहे, तसे चंद्राच्या परिणामामागचे नाही. पण नुसते हसण्यापेक्षा अमावास्येचा आणि पौर्णिमेचा तुकडा आयोडीनने तपासून पाहणे केव्हाही चांगले.

कसा तोडावा हेही तितकेच महत्त्वाचे आहे. नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या कडेला येतात, म्हणजे जुने, पक्के बांबू आत राहतात. हाताशी असतात ते बाहेरचे कोवळे. घाईत काम करणारा बाहेरचेच तोडतो. मग आत जुन्यांची गर्दी होऊन ते वाळतात आणि बाहेर बेट वाढायचे थांबते. म्हणून एका बाजूने आत वाट करावी आणि आतले पक्के काढावेत. घाव जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेराच्या लगेच वर घालावा. मधेच तोडला, तर उरलेल्या नळीत पाणी साचते, खुंट कुजतो आणि डासांची सोय होते. दरवर्षीच्या नव्या बांबूंवर वेगळ्या रंगाच्या ऑइलपेंटचा एक पट्टा ओढून ठेवला, की वयाचा वादच राहत नाही.

काटे कोणी काढले?

कारागिराला बेटाचे जे कळते, ते ज्ञान म्हणून धरावे का? याबाबत कर्नाटकातली एक हकीकत सांगण्यासारखी आहे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस दांडेलीच्या कागद गिरणीला उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जंगलांमधला बांबू टनाला अवघ्या दीड रुपयाने देण्यात आला. बांबू कधी संपणारच नाही, असा तेव्हा समज होता. पुढे पंधरा-वीस वर्षांत तो झपाट्याने घटला. टोपल्या विणणाऱ्या कारागिरांनी सरकारकडे तक्रार केली, की गिरण्यांमुळे आमचा कच्चा माल संपत चालला आहे. उलट बाजूने सांगितले जाई, की गावकऱ्यांची गुरे आणि कोंब खाणारे लोक हेच बांबू संपवतात. १९७० च्या दशकाच्या मध्यात बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी नरेंद्र प्रसाद यांनी या प्रश्नाचा प्रत्यक्ष जंगलात जाऊन अभ्यास केला.

तिथल्या कटांग जातीच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. तोड सोपी व्हावी आणि बेट मोकळे होऊन चांगले वाढावे म्हणून हे जाळे साफ करण्याची पद्धत होती. गावकरी म्हणत, की हेच चूक आहे. अभ्यासात गावकरी बरोबर ठरले. काटे काढलेल्या बेटांतले कोवळे कोंब गुरे, वानरे, साळिंदर यांच्या सहज तोंडी पडत होते. काटे हे बेटाने आपल्या पिल्लांभोवती घातलेले कुंपण होते.

यातून गावकरी नेहमीच बरोबर असतात, असा निष्कर्ष काढू नये. पण ज्यांचे पोट एखाद्या बेटावर अवलंबून असते, त्यांचे निरीक्षण तपासून पाहण्याच्या लायकीचे असते, एवढे तरी नक्की म्हणता येईल. आणि तपासायचे कसे, हे विज्ञान शिकवते.

एका बांबूत किती दिवस?

आता कारखान्याकडे वळू. बेट वर्षाला ठरावीक बांबूच देणार असेल, तर कारखान्याचे उत्पन्न वाढायचे कसे? की कारागिराने गरीबच राहायचे?

एक हिशेब मांडू. समजा, आपल्याकडे पन्नास बेटे आहेत आणि त्यांतून वर्षाला ३०० बांबू मिळतात. भाजी वाहून नेण्याची ओबडधोबड करंडी करायला एक बांबू आणि दोन तास लागतात असे धरू. मग वर्षभरात ३०० करंड्या आणि ६०० तासांचे काम, म्हणजे आठ तासांचे ७५ दिवस. त्यानंतर बांबू संपला. पोट भरायचे तर जास्त बांबू तोडण्यावाचून गत्यंतर नाही. आता समजा, नाजूक विणीची, दिवसभर खपून करायची टोपली आहे आणि तिला अर्धाच बांबू लागतो. त्याच ३०० बांबूंत ६०० टोपल्या आणि ६०० दिवसांचे काम. दोन माणसांना वर्षभर पुरेल इतके.

बेट तेच, तोड तीच. बदलले ते एका बांबूत पडणारे हातांचे काम. पण याला एक अट आहे. त्या दिवसभराच्या कामाची मजुरी टोपलीच्या किमतीत निघाली पाहिजे. ती निघाली नाही, तर कारागीर पुन्हा भराभर करायच्या करंड्यांकडे वळेल आणि तोड वाढेल. म्हणून बाजारात बुरुडाशी घासाघीस करताना आपण फक्त त्याच्या मजुरीतून दहा रुपये कापत नसतो. त्याला आणखी एक बांबू तोडायला लावत असतो. टोपलीची किंमत ही बेटाच्या आरोग्याशी अशी जोडलेली आहे.

यंत्राचा विचारही याच हिशेबात करावा. हात वाचवणारी, धूळ कमी करणारी, सांधा नेमका बसवणारी साधने हवीतच. पण तासाला वीस बांबू फोडणारे यंत्र कर्ज काढून आणले, तर हप्ता फेडण्यासाठी ते चालते ठेवावे लागते, आणि मग किती तोडायचे हे बेटाऐवजी यंत्र ठरवू लागते.

हा प्रश्न बांबूपुरता नाही, कोणत्याही कारागिरीला तो भेडसावतो. जपानमध्ये क्यूशू बेटावर ओंता नावाची कुंभारांची छोटी वस्ती आहे. १७०५ पासून तिथे मातीची भांडी होतात. डोंगरातली कठीण माती ते ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या लाकडी उखळांत कुटतात. लांब ओंडक्याच्या एका टोकाच्या खोबणीत पाणी भरले की ते टोक खाली जाते, पाणी सांडते आणि दुसरे टोक मातीवर आपटते. दिवसरात्र हे चालते, तरी माती हळूहळूच तयार होते. विजेवर ती कितीतरी भरभर कुटता आली असती. पण वस्तीने उखळेच चालू ठेवली. त्यामुळे कोणत्याही घराला ओढा देईल त्याहून जास्त माती मिळत नाही आणि एकाच घराने सगळा बाजार व्यापणे अवघड जाते. अर्थात ओढ्याच्या भरवशावर राहण्यात धोकाही असतो. २०१७ च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत तिथल्या उखळांचे बरेच नुकसान झाले.

कीड, पाणी आणि विष

एक टोपली दुप्पट टिकली, तर बेटावरचा भार निम्मा होतो. म्हणून वस्तू टिकाऊ करणे हा संवर्धनाचाच भाग आहे. बांबू वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. त्याने साखर आणि स्टार्च बऱ्याच अंशी निघून जातात. मात्र ते जातात कुठे? पाण्यात. तिथले जिवाणू ते खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. म्हणून उन्हाळ्यात आटलेल्या डोहात किंवा पिण्याच्या तळ्यात बांबू भिजत घालू नयेत. मासे मरतात आणि पाण्याला घाण वास येतो. वेगळी टाकी करून तिचे पाणी बेटांनाच द्यावे. चुलीवरच्या धुराने काळे पडलेले आढ्याचे बांबू वर्षानुवर्षे टिकतात, ही दुसरी रीत.

रसायनांत बोरिक आम्ल आणि बोरॅक्स यांचे द्रावण तुलनेने कमी घातक आहे. पावसात भिजणाऱ्या वस्तूंतून मात्र ते धुऊन जाते, म्हणून ते घरातल्या खुर्च्या-टेबलांसाठी ठीक. खाण्याचे पदार्थ ठेवायच्या सूप-रोवळ्यांना कोणतेच औषध लावू नये. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांची मिश्रणे बांबूला खूप टिकवतात, पण त्यांचे तुकडे चुलीत गेले, तर आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरते. ज्या कारखान्यात ढलप्यांवर चहा उकळतो, तिथे ही रसायने नकोतच.

फुलोरा आणि हक्क

सगळा हिशेब नीट ठेवला, तरी एक दिवस बेट फुलते आणि मरते. बांबूच्या अनेक जाती कित्येक वर्षांनी एकदाच, मोठ्या प्रदेशात एकदम फुलतात. मिझोराममधल्या एका जातीचा फेरा सुमारे ४८ वर्षांचा आहे. १९५८-५९ मध्ये आणि नंतर २००६ ते २००८ या काळात ती फुलली, तेव्हा बियांवर उंदरांची संख्या वाढून शेतीची नासाडी झाली. कारागिरासाठी यातला धडा असा : सगळी बेटे एकाच बेटाचे तुकडे लावून वाढवू नयेत. वेगवेगळ्या ठिकाणची, शक्य तर दोन-तीन जातींची बेटे असावीत. आणि फुलोऱ्यानंतर उगवलेल्या रोपांना काही वर्षे गुरे आणि वणवा यांपासून जपावे.

पण इतक्या वर्षांचा विचार कोण करील? ज्याला उद्या बेट आपल्याकडे राहील याची खात्री आहे तोच. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांत धरला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनउपजात आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही. पुढे २०१७ मध्ये जंगलाबाहेरच्या, म्हणजे शेतातल्या-बांधावरच्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आले. ज्याच्या बेटातले बांबू उद्या दुसराच कोणी तोडून नेणार आहे, त्याने आज सहाच का तोडावेत? आपल्या खेळातला पहिला गट शहाणा वागू शकतो, कारण चिंचोके त्याचे स्वतःचे आहेत.

शाळेसाठी

आपल्या गावात किंवा जवळच्या बाजारात बुरूड असतील, तर मुलांना घेऊन त्यांच्याकडे जरूर जा. बांबू कुठून येतो, पूर्वी कुठून येत असे, एका बांबूत किती सुपे होतात, कोवळा बांबू ते कसा ओळखतात, हे मुलांनी विचारावे. शक्य झाले तर एका बांबूचे आणि त्यातून झालेल्या वस्तूंचे वजन करून किती भाग वाया गेला ते काढावे आणि त्या ढलप्यांचे काय होते तेही पाहावे. शाळेच्या आवारात जागा असेल, तर माणग्यासारख्या बिनकाट्याच्या जातीचे एखादे बेट लावून दरवर्षीचे कोंब मोजावेत, रंगाचा पट्टा ओढावा आणि वहीत नोंद ठेवावी. चार वर्षांनी जी मुले त्या बेटातला पहिला बांबू तोडतील, त्यांना कोणता तोडायचा हे वेगळे सांगावे लागणार नाही.